पाडव्याला घेतलेलं यंत्र, शिमग्याला लिहिलेला अनुभव

गेल्या गुढीपाडव्याला मी घरी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, मोजायचं यंत्र घेतलं. आता गावात शिमग्याची गडबड सुरू झाली आहे, म्हणजे कोकणातला उन्हाळा, पावसाळा, श्रावण, गणपती सगळं या यंत्रासोबत एकदा काढून झालं. घेण्याआधी मला मराठीत कुणाचाच अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझ्याबद्दल. वय २७, गाव गुहागर तालुक्यात, नोकरी शृंगारतळीला पतपेढीत. अकरा वर्षांची असताना घसा सुजून ताप आला आणि पुढे गुडघे, घोटे आळीपाळीने सुजले. वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून तेल चोळलं गेलं. तो संधिवाताचा ताप होता आणि त्यानं हृदयाची मायट्रल झडप कायमची खराब केली होती. ते कळलं विसाव्या वर्षी, घराची पाखाडी चढताना मध्येच बसावं लागायला लागलं तेव्हा. झडप अरुंद झाली होती आणि गळतही होती, त्यामुळे आत फुगा नेऊन, तो फुगवून उघडता येणार नव्हती. २०१९ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होऊन कृत्रिम झडप बसली. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत घडलेली, १९९० पासून माणसांना बसवली जाणारी आपल्या देशातली झडप. धातूच्या कड्यात प्लॅस्टिकची तबकडी, प्रत्येक ठोक्याला उघडते आणि मिटते. रात्री वीज जाऊन पंखा थांबला की तिची टिकटिक मला ऐकू येते. शेजारी झोपलेल्या आईलाही येते. ती ऐकली की मग तिला झोप लागते.

अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. आयएनआरचा आकडा त्याचाच हिशेब सांगतो. गोळी न घेणाऱ्या माणसाचा तो १ च्या आसपास असतो, माझा डॉक्टरांनी २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितला आहे.

पाच वर्षं मी महिन्यातून एकदा चिपळूणला जाऊन रक्त देत होते. जाऊन येऊन नव्वद किलोमीटर, एक रजा, रिपोर्ट संध्याकाळी फोनवर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा बाजारपेठेतल्या दुकानांबरोबर माझी तपासणीची सोयही गेली. दीड महिना मी आकडा माहीत नसताना रोज संध्याकाळी सहाला गोळी घेत होते. त्या दिवसांची भीती अजून अंगात आहे. तेव्हाच ठरवलं होतं की पैसे साठले की यंत्र घ्यायचं.

यंत्र मोबाइलपेक्षा थोडं जाड आहे, साध्या सेलवर चालतं, त्यामुळे वीज नसली तरी अडत नाही. पट्टी घालायची, बोटाला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा. पट्टीवरच्या रसायनानं रक्त गोठायला लागतं, यंत्र तो वेळ मोजतं आणि मिनिटभरात आकडा दाखवतं. वाचायला सोपं वाटतं, पण पहिल्या महिन्यात माझ्या तीन पट्ट्या फुकट गेल्या. टोचल्यापासून १५ सेकंदांत थेंब लागायला हवा आणि मी बोट पिळत बसायचे. पिळू नका. आधी कोमट पाण्यात हात धरा, हात खाली सोडून ठेवा, मग टोचा. थेंब आपणहून येतो.

दमट हवेची काळजी घ्यावीच लागते. पट्ट्यांच्या डब्यावर २ ते ३० अंश लिहिलं आहे आणि आमच्याकडे मे महिन्यात माजघरातही तेवढं राहत नाही, म्हणून डबा फ्रिजमध्ये. वापरायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवते, नाहीतर झाकण उघडताच आत दव धरेल. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट. पावसाळ्यात आमच्याकडे मीठसुद्धा पाणी सुटून बसतं, तिथे पट्ट्यांचं काय!

या यंत्रानं मला खरं शिकवलं ते श्रावणात. दर आठवड्याला मोजत होते म्हणून दिसलं. आषाढात २.९ असलेला आकडा पंधरा दिवसांत २.१ वर आला. गोळी एकही चुकली नव्हती. आईबरोबर बसून आठवलं तेव्हा उलगडलं: मासे बंद झालेले आणि रोज पालेभाजी, आज टाकळा, उद्या अळूचं फदफदं, परवा शेवग्याचा पाला. हिरव्या पानांतलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस थोडा वाढवला. मग गणपती आले, भाज्या मागे पडल्या आणि आकडा ३.९. महिन्यातून एकदा रक्त देत असते तर ही खालीवर मला कळलीच नसती, किंवा मधलाच एखादा आकडा बघून सगळं ठीक आहे असं वाटलं असतं. डॉक्टर म्हणाले, "भाजी सोडू नकोस, रोज सारखी खा." आता आई एक वाटी मोजून वाढते, श्रावण असो नसो. कुणी कौतुकानं जास्त वाढायला आलं तर तीच म्हणते, "तिला नको गो, तिची वाटी झाली."

दुसरा प्रसंग जास्त गंभीर. ऑक्टोबरात पोट बिघडलं म्हणून जवळच्या दवाखान्यात गेले. माझ्या गोळीबद्दल मी सांगितलं, तरी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहून मिळालं. ते या गोळीचा परिणाम वाढवतं. चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, यंत्रावर ५.२. त्याच दिवशी लॅबमध्ये ४.७ आला. वरच्या आकड्यांना यंत्र आणि लॅब यांत असा फरक पडतो, म्हणून ४ च्या वर गेलं की मी लॅबला जातेच. हृदयाच्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली आणि आकडा खाली आला. तेव्हापासून कुठलंही औषध, आयुर्वेदिक काढासुद्धा, त्यांना विचारल्याशिवाय घेत नाही. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या तर घरातच ठेवत नाही. डोस मात्र स्वतःच्या मनानं एकदाही बदललेला नाही. यंत्र आकडा सांगतं, निर्णय डॉक्टरांचा.

मुलींसाठी एक. या गोळीमुळे पाळीत रक्तस्राव जास्त होतो आणि त्याबद्दल बोलायला आपण लाजतो. मी पाळीच्या आधी आकडा बघते. तो जागेवर असला की निदान ती एक धास्ती जाते, आणि तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगायला हातात काहीतरी असतं. लग्नाची बोलणी सुरू आहेत. ही गोळी गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाला अपाय करू शकते, त्यामुळे मूल हवं तर आधीपासून हृदयाचे आणि स्त्रीरोगाचे डॉक्टर मिळून योजना करावी लागते. हे मी पहिल्याच भेटीत सांगते. दोन स्थळं त्यावर गप्प झाली. तिसऱ्यानं माझी आयएनआरची वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली.

खर्चाचं स्पष्ट सांगते. पट्टी लॅबच्या तपासणीपेक्षा महाग पडते. प्रवास आणि रजा धरली तर माझं गणित जमतं, पण लॅबच्या शेजारी राहणाऱ्याचं जमेलच असं नाही. ज्यांचा आकडा वर्षानुवर्षं स्थिर आहे त्यांनीही घाई करू नये. गावात असाल, तरुण असाल, खाणंपिणं ऋतूप्रमाणे बदलत असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलून जरूर विचार करा. पहिले दोन महिने लॅबशी ताडून बघा.

परवा पालखी आमच्या दारात येईल. आज सकाळी आकडा ३.१ आला, वहीत लिहिला. डब्यात पाच पट्ट्या आहेत, पुढचा डबा मे संपायच्या आत मागवायचा आहे. जूनमध्ये पाऊस धरला की पार्सल वेळेवर येत नाही.