हेलिऑस 44-2: नऊ महिन्यांचा वापर आणि अडॅप्टरच्या आतली ती चकाकी

तीन आठवड्यांपूर्वी ट्रायपॉडवर कॅमेरा लावून फोकस जुळवत होतो आणि हातात लेन्सच फिरली. फोकसचं कडं नव्हे, अख्खी लेन्स. अडॅप्टरच्या, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या नळीच्या, आत आट्यांचं जे कडं असतं ते तीन बारीक, बिनडोक्याच्या स्क्रूंवर धरलेलं असतं. ते तिन्ही हळूहळू सैल झाले होते आणि कडं लेन्ससकट माझ्या हातात आलं. लेन्स पडली नाही, एवढंच नशीब. त्या दिवशी हे घडलं नसतं तर मी आजही या लेन्सला नावं ठेवत बसलो असतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

हेलिऑस ही जुनी सोव्हिएत लेन्स; ती कशी दिसते, भोवऱ्यासारख्या पार्श्वभूमीसाठी का घेतात, हे इथे बहुतेकांना ठाऊक असणार. 58 मिमी, एफ 2 (ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडं असतानाचा आकडा), एम 42 आटे (स्क्रूसारखी फिरवून बसवायची जोडणी), ॲपर्चरची आठ पाती, बायोटार या जर्मन लेन्सच्या आराखड्यावर बेतलेली. माझ्या प्रतीचा क्रमांक 82 ने सुरू होतो, म्हणजे ती बहुधा 1982 ची. सोनीच्या ई माउंट (लेन्स जोडण्याची सोनीची पद्धत) असलेल्या फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर वापरतो. अडॅप्टर मात्र त्यातल्या त्यात स्वस्त बघून घेतला. नुसती पोकळ नळी, ना काच ना वायर, तिच्यावर जास्त पैसे कशाला घालवायचे, असा माझा हिशेब होता. तो सपशेल चुकला.

पहिल्या महिन्यापासून एकच तक्रार होती: पांढुरकेपणा. सावलीतला काळा रंग कधी काळा यायचाच नाही, राखाडी यायचा. झाडाखाली बसलेल्या माणसाचा फोटो काढला आणि फ्रेमच्या जरा वर उघडं आकाश असलं, की सगळ्या चित्रावर पातळ दूध ओतल्यासारखं दिसायचं. जुनी लेन्स, काचेवर चकाकी रोखणारं कोटिंग एकपदरी, असं होणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. हूड लावून दोन महिने काढले, फरक जेमतेम पडला. फोकस पीकिंगही (स्पष्ट कडांवर रंगीत ठिपके दाखवणारी कॅमेऱ्याची सोय) नीट चालेना, कारण कडाच धुरकट असतील तर कॅमेऱ्याला दिसणार काय? एफ 2 वर दर फोटोला चित्र मोठं करून डोळ्याने फोकस जुळवावा लागायचा.

मग लेन्स एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. आतल्या काचेवर धुकं धरलंय, असं त्यांनी सांगितलं. सफाई झाली, ग्रीस बदललं, पैसे मोजले. लेन्स हाताला लोण्यासारखी फिरू लागली, पण पांढुरकेपणा जागच्या जागी. पुन्हा गेलो तर उत्तर मिळालं, "जुन्या लेन्सकडून आणखी काय अपेक्षा करता?" घरी येऊन अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून लेन्समधून आरपार पाहिलं. काच स्वच्छ होती. मग धुकं होतं कुठे? याचा मला मनापासून राग आला. त्याच रागात मी दोन मित्रांना ही लेन्स घेऊ नका असं सांगूनही टाकलं. ते बोलणं आता मागे घेतो.

कारण लेन्स हातात आली त्या दिवशी कॅमेऱ्यावरून नळीही उतरवली आणि सहज खिडकीकडे धरून तिच्यातून पाहिलं. आतली भिंत चकाकत होती. रंग काळा होता खरा, पण तुळतुळीत. तिरका उजेड पडला की अर्ध्या भिंतीवर पांढरा पट्टा उमटायचा. नळी बोटांत फिरवली तरी पट्टा हलायचा नाही, उजेडाच्या समोरच राहायचा. नऊ महिने मी त्या पट्ट्यातून फोटो काढत होतो.

हिशेब मांडला तेव्हा सगळं जुळलं. लेन्स गोल चित्र पाडते, किमान 43 मिमी व्यासाचं, आणि सेन्सर असतो 36 बाय 24. म्हणजे सेन्सरच्या वर आणि खाली जवळजवळ साडेनऊ मिलिमीटर उंचीचं चित्र वाया जातं, आणि फ्रेमच्या वरचं आकाश नेमकं त्यातच असतं. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात हा उजेड लेन्समागच्या आरशाच्या खोलीच्या काळ्या, निस्तेज भिंती गिळून टाकत. आता त्या खोलीच्या जागी ही नळी आहे. एम 42 ला माउंटपासून फिल्मपर्यंत 45.46 मिमी अंतर लागतं, ई माउंटचं अंतर 18 मिमी. उरलेले 27.46 मिमी नळी भरून काढते. एवढ्या लांबीची चकचकीत भिंत उजेड उडवून थेट सेन्सरवर टाकत होती. लेन्सचा यात काहीच दोष नव्हता. ज्याने नळी विकली त्याला कळवलं, तर "अडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्रावर परिणाम होत नाही," असं उत्तर आलं. पट्ट्याचा फोटो पाठवला, त्यावर काही उत्तर नाही.

शेवटी मागे गोंद असलेलं काळं मखमल आणलं. नळीच्या आतल्या घेराइतकी पट्टी कापली, सेन्सरच्या बाजूने दोन मिलिमीटर आखूड ठेवली आणि आत चिकटवली. चिकटवण्याआधी तिच्यावर चिकटपट्टी पाच-सहा वेळा दाबून उचलली, कारण मखमलीचे सुटे धागे सेन्सरवर पडले तर नवा ताप. मग तीच खिडकी, तीच खुर्ची, तेच एफ 2. खुर्चीच्या पाठीमागची सावली पहिल्यांदा काळी आली. पडद्याच्या विणीतला एकेक धागा सुटा दिसू लागला. पीकिंगचे रंगीत ठिपके आता नेमके पापणीवर येतात, गालभर पसरत नाहीत. पांढुरकेपणा अजिबात गेला असं नाही. सूर्य थेट फ्रेममध्ये आला की एकपदरी कोटिंग आपलं वय दाखवतं, आणि ते मला आवडतंही.

त्यानंतर ज्यासाठी ही लेन्स घेतली, ती भोवऱ्यासारखी फिरणारी पार्श्वभूमी खऱ्या अर्थाने दिसायला लागली. माणूस मीटर-सव्वा मीटरवर, मागे दोन-तीन मीटरवर पानांतून झिरपणारा उजेड, ॲपर्चर पूर्ण उघडं. मधले ठिपके गोल राहतात आणि कडेचे मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होऊन मधल्या चेहऱ्याभोवती रिंगण धरतात. एफ 4 ला तो खेळ जवळजवळ संपतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर कडाच कापल्या जातात, त्यामुळे तिथे फारशी अपेक्षा ठेवू नका.

नळीचं मापही घेतलं. कॅलिपरने चार ठिकाणी मोजलं तर 27.3 भरलं, म्हणजे 0.16 मिमी कमी. ऐकायला काहीच नाही, पण 58 मिमीच्या लेन्सवर याचा अर्थ असा, की कड्यावर 21 मीटर असताना खरा फोकस अनंतावर गेलेला असतो. अनंताची खूण गाठेपर्यंत कडं फिरवलं तर दूरचे डोंगर पुन्हा मऊ होतात. नळी तेवढ्यानेच जास्त लांब असती तर 21 मीटरपलीकडचं काहीच कधी स्पष्ट आलं नसतं, त्यामुळे आखूड निघाली हे बरं म्हणायचं. फक्त लेन्सवरच्या आकड्यांवर विसंबू नका. 28 मिमीच्या लेन्सवर याच फरकामुळे कड्यावर पाच मीटरच्या आतच खरा अनंत येतो.

बाकीचं थोडक्यात. कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय निवडावा लागतो, आणि हाताची थरथर रोखणाऱ्या कॅमेऱ्यातल्या सोयीसाठी लेन्सचा 58 मिमी हा आकडा स्वतः भरावा लागतो. 44-2 ला मागे ॲपर्चरची पिन (दाबली की ॲपर्चर बंद करणारी) नाही, त्यामुळे साधी नळी चालते. हेलिऑसच्याच 44एम-4 आणि त्यापुढच्या लेन्सना मात्र पिन दाबणारा अडॅप्टर लागतो, नाहीतर ॲपर्चर उघडंच राहतं. पुढच्या कड्यावर ॲपर्चर ठरवायचं आणि मागचं बिनआवाजी कडं फिरवून हवं तेव्हा बंद करायचं, ही जुनी पद्धत मला सुरुवातीला कटकटीची वाटली होती. आता डोळा न हटवता दोन बोटांत होते.

राहता राहिले ते तीन स्क्रू. खरं तर ते कामाचे आहेत. ते सैल करून कडं फिरवलं की लेन्सवरची खूण बरोबर माथ्यावर आणता येते, माझी आधी बाजूला कलंडलेली होती. खूण जुळवली, तिन्ही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळले आणि प्रत्येकाच्या टोकावर नेलपॉलिशचा एकेक थेंब दिला. तीन आठवडे रोज वापरतो आहे, कडं हललेलं नाही.