एमजीबी घ्यायचीय: जाहिरातीतून, लिलावातून की डीलरकडून?

हौस आणि खिसा यांचा मेळ घालून जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल, तर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माणसाने आधी एमजीबी बघावी. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये ती बनली. उघडी रोडस्टर आणि छताची जीटी मिळून ५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. इंजिन १७९८ सीसीचं, साधंसरळ. सुटे भाग आजही नवेकोरे मिळतात, इतकंच काय, जुन्या साच्यांवर घडवलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते.

५ लाखांचा तो आकडा डोक्यात ठेवावा, कारण फसवणारा माणूस सगळ्यात आधी तुमची घाई वापरतो. ‘उद्या दुसरा येतोय बघायला’ असं कोणी म्हणालं, तर खुशाल ‘देऊन टाका त्याला’ म्हणा. पुढच्या आठवड्यात दुसरी येते.

आता भावाचं बघू. खासगी जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत. ती मिळाली की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. ऑनलाइन लिलावात मात्र हातोडा कितीवर पडला ते तिथेच नोंदलेलं राहतं. त्यामुळे लिलावातून गाडी घ्यायची नसली, तरी भावाचा अभ्यास तिथेच करावा. आपल्या मनातल्या सालाच्या, तशाच अवस्थेतल्या दहाबारा विकल्या गेलेल्या गाड्यांचे आकडे लिहून काढा. बोली अपुरी पडून न विकलेल्यांचेही लिहा, ते जास्त शिकवतात. जोडीला जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीची किंमतसूची बघा. ती एकाच मॉडेलचे अवस्थेनुसार चार भाव देते. अगदी ढोबळ सांगायचं तर चालती, नीटस रबर बंपरची रोडस्टर ५ ते ८ हजार पौंड आणि तशीच क्रोम बंपरची १० ते १५ हजारांच्या घरात.

हा फरक कशामुळे? १९७४ च्या शरदात अमेरिकी नियमांपायी क्रोम बंपर गेले, काळे रबरी आले आणि गाडी जमिनीपासून थोडी उंचही झाली. शौकिनांना ते कधीच रुचलं नाही. म्हणून अनेकांनी पुढे रबर काढून क्रोम बसवले. यात गैर काही नाही, पण भाव क्रोमचा मागितला तर आहे. नोंदणीपत्रावर १९७७ साल आणि पुढे चकचकीत क्रोम असेल, तर ती बदललेली गाडी आहे. तिला रबरवालीपेक्षा थोडे जास्त द्या, अस्सल क्रोमचे देऊ नका.

ई-टाइप जॅग्वारसारख्या गाडीत मूळ इंजिन नंबर जुळतो की नाही यावर मोठी रक्कम हलते. एमजीबीत तसं नाही, इथे भाव ठरवतो तो गंज. या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पेट्या, म्हणजे सिल, याच तिचा कणा. त्या कुजल्या की वरून नवा पत्रा चिकटवून रंग मारायचा, हा जुना धंदा आहे. म्हणून लोहचुंबक खिशात न्यावं, सिलवर जिथे ते चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. दाराची मागची फट वर आणि खाली सारखी आहे का बघा. खालून जाड काळा थर नुकताच फासलेला असेल, तर तो कशावर फासलाय हे विचारा. सिल नीट, आतल्या थरापासून बदलून घेणं हे हजारोंचं काम आहे. ‘थोडं वेल्डिंग लागेल’ या शब्दांची किंमत आधी गॅरेजवाल्याकडून काढा, मग भावात वजा करा. आणि ‘स्वस्तात घेऊन हळूहळू नीट करीन’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, की नवी बॉडी, रंग आणि मजुरी मिळून खर्च तयार गाडीच्या पुढे जातो. दुसऱ्याने तो खर्च करून बिलं आणि फोटो सांभाळून ठेवलेली गाडी घेणं केव्हाही स्वस्त.

तिन्ही वाटांमध्ये खासगी जाहिरात सगळ्यात स्वस्त आणि भामटेही तिथेच जास्त. त्यांचा साचा ठरलेला असतो. १२ हजारांची गाडी ६ हजारांना. मालक परदेशी कामावर किंवा वडील वारले म्हणून विक्री. गाडी कुठल्याशा वाहतूक कंपनीच्या गोदामात, बघता येणार नाही, पण इसार भरलात की दारात येईल आणि पैसे म्हणे ‘तिसऱ्याकडे सुरक्षित’ राहतील. तो तिसरा म्हणजे त्यानेच बनवलेली वेबसाइट. फोटो इंटरनेटवर उलट शोधून पाहिले, तर बरेचदा जुन्या लिलावात सापडतात. गाडी इंग्लंडमधल्या केंटमध्ये असल्याचं सांगतात आणि फोटोत स्टिअरिंग डावीकडे, मागे ताडाची झाडं! अशा माणसाला आजचं वर्तमानपत्र बॉनेटवर ठेवून व्हिडिओ कॉल करायला सांगा. बहुधा तिथेच संवाद संपतो.

कागदांचंही बघा. व्ही५सी हे नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नव्हे, तसं त्याच्यावरच छापलेलं असतं. त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या पाटीशी जुळवा आणि कर्ज किंवा चोरीची नोंद आहे का याची सशुल्क तपासणी करा. मला सगळ्यात बोलका वाटतो तो एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीचा इतिहास. नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीची सक्ती नाही, त्यामुळे अनेक एमजीबींच्या नोंदी तिथेच थांबतात. ती शेवटची नोंद जरूर वाचा. तपासणाऱ्याने ‘सिलला गंज’ लिहिलंय, त्यानंतर एमओटी झालीच नाही आणि आता जाहिरातीत ‘निर्दोष बॉडी’ म्हटलंय, तर मधल्या दुरुस्तीची बिलं मागा.

लिलावात शुद्ध चोरी क्वचित, कारण संकेतस्थळ विक्रेत्याची थोडीफार पडताळणी करतं आणि खाली जाणकारांच्या शंका उघड दिसतात. तिथला धोका वेगळा: शंभर फोटो, त्यात हवा तो एकच नाही. दाराखालचा फोटो मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा. बोलीवर खरेदीदाराचं शुल्क आणि त्यावर व्हॅट लागू शकतो. तो धरूनच आपली कमाल रक्कम ठरवा, शेवटच्या दोन मिनिटांत नव्हे. हरल्यानंतर ‘पहिला बोलीदार मागे हटला, तुम्ही थेट पैसे पाठवा’ असा ईमेल आला, तर तो गळ आहे.

डीलर महाग, दोनतीन हजार सहज जास्त. पण २०१५ च्या ग्राहक कायद्याखाली दोषी गाडी ३० दिवसांत परत करता येते. जुनी गाडी जुन्यासारखीच असणार, हे मात्र धरलेलं असतं. थोडी रक्कम जरी क्रेडिट कार्डाने भरली, तरी ३० हजार पौंडांपर्यंतच्या व्यवहारात कार्ड कंपनीही जबाबदार राहते. खासगी विक्रेत्याकडून यातलं काही नाही, तिथे मुख्यतः वर्णन खोटं निघालं तरच दाद. म्हणून काही डीलर घरगुती विक्रेत्याचं सोंग घेतात. फोनवर नुसतं ‘गाडीबद्दल विचारायचं होतं’ म्हणा. समोरून ‘कुठल्या?’ आलं, की ओळखा.

पहिलीच जुनी गाडी असेल आणि गॅरेजची ओळख नसेल, तर मी डीलरकडे जाईन. थोडी जाण असेल, किंवा एमजी ओनर्स क्लबमधला कोणी सोबत येत असेल, तर दोन तासांच्या अंतरावरची खासगी गाडी घ्यावी, भाव लिलावाच्या नोंदींवरून ठरवून. न बघता बोली लावणं पहिल्या खेपेला नकोच.

पैसे गाडीशेजारी उभं राहून, व्ही५सी हातात आल्यावर पाठवा. ऑक्टोबर २०२४ पासून भामट्याने फसवून पैसे पाठवायला लावले, तर ब्रिटिश बँकांना ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते, पण परदेशी खात्यात पाठवलेल्या पैशांना ते लागू नाही, आणि गाडी नुसती खराब निघाली तरीही नाही. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार हे आधीच ठरलेलं असतं. त्यासाठी कंपनी फोटो आणि बिलं मागते, तेव्हा विक्रेत्याची फाइल त्याच दिवशी गाडीत टाकून आणा.