मायक्रोकरंट मशीन: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

चेहऱ्यावरून बारीकसा करंट फिरवणाऱ्या या मशीनने खरंच फरक दिसतो का? आधी निकाल सांगून टाकते, कारण भेटणारी प्रत्येकजण तेच विचारते. हो, फरक दिसतो. वापरल्यावर लगेच दिसतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. तेवढ्यासाठी घ्यायचं असेल तर माझी हरकत नाही. ओघळलेले गाल कायमचे वर जातील या आशेवर पंचवीस-तीस हजार घालणार असाल, तर आधी पुढचं वाचा.

माझं वय ४८. पाळी जायच्या सुमारास चेहरा किती झपाट्याने बदलतो हे आमच्याकडे कोणी मोकळेपणाने बोलतच नाही. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं साधारण ३० टक्के कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं. मला ते आधी जबड्याच्या कडेला जाणवलं. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना मांस जरासं उतरलं आणि रात्रभर नीट झोपूनही फोटोत चेहरा दमलेला दिसू लागला. इंजेक्शनं नको होती. घरच्या घरी, सुईशिवाय काय करता येईल हे बघताना न्यूफेस, फोरिओ बेअर, झिप ही नावं सारखी समोर यायची. त्याच जातीचं, दोन गोळ्यांचं एक मशीन घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते यातल्या कुठल्याही मशीनला लागू आहे.

मशीन मुठीत मावतं. टोकाला धातूचे दोन गुळगुळीत गोळे असतात आणि एका गोळ्यातून दुसऱ्याकडे त्वचेतून करंट जातो. मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, आणि घरगुती मशीनं काहीशे मायक्रोअँपिअरवर चालतात. पाठदुखीसाठी फिजिओथेरपीत जे पॅड लावतात आणि स्नायू आपोआप उडतो, तिथला करंट मिलिअँपिअरमध्ये असतो, म्हणजे कितीतरी पट जास्त. आपल्या मशीनने गालाचा स्नायू असा उडत नाही. बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. म्हणूनच ‘चेहऱ्याची जिम’ ही जाहिरात मला पटत नाही. जिममध्ये स्नायू वजनाविरुद्ध आकुंचन पावतो, दमतो आणि मग वाढतो. इथे त्यातलं काहीच घडत नाही. शिवाय चेहरा उतरतो तो फक्त स्नायू ढिले पडल्यामुळे नाही. कोलॅजन कमी होतं, गालातल्या चरबीच्या गाद्या खाली सरकतात आणि विरळ होतात, जबड्याचं हाडसुद्धा वयानुसार झिजतं. हाड झिजलेल्या ठिकाणी करंट फिरवून भर कशी पडणार?

जाहिरातींत एटीपीचा, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, उल्लेख हटकून येतो: पेशींची ऊर्जा पाचशे टक्क्यांनी वाढते वगैरे. हा आकडा हवेतला नाही. १९८२ साली चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीच्या तुकड्यांवर हा प्रयोग केला होता. ५०० मायक्रोअँपिअरच्या आसपास एटीपी बरंच वाढलं, आणि १००० च्या पुढे तो फायदा कमी होत गेला. संशोधन खरं आहे, महत्त्वाचंही आहे. पण ते उंदराच्या काढलेल्या कातडीवर झालं. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईच्या गालाबद्दल त्यातून परस्पर निष्कर्ष काढणं मला अजिबात मान्य नाही. ‘एफडीए क्लिअर्ड’ या शिक्क्याचंही तसंच (एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी अमेरिकेतली सरकारी संस्था). आधीपासून बाजारात असलेल्या तशाच उपकरणाइतकं हे सुरक्षित आणि परिणामकारक आहे, एवढं त्यातून कळतं. नव्या औषधाच्या मंजुरीआधी जशा चाचण्या होतात, तशा या मशीनच्या झाल्या असं त्यातून ठरत नाही.

आता रोजच्या वापराबद्दल. सगळा खेळ जेलचा आहे. चेहरा धुवून, तेल किंवा क्रीम न लावता, पाण्याचा अंश जास्त असलेलं जेल जाडसर थापायचं. तेलकट काही असलं की करंट अडतो. मशीनबरोबर आलेली ट्यूब महिन्याभरात संपली आणि तीच परत घ्यायची तर चांगलीच महाग. मी केमिस्टकडून सोनोग्राफीचं साधं बिनवासाचं जेल आणते. मोठी बाटली कितीतरी दिवस पुरते आणि कामात काही फरक जाणवला नाही. पंखा मात्र बंद ठेवावा लागतो, नाहीतर दुसरा गाल होईपर्यंत पहिला वाळलेला असतो. जेल वाळलं की गोळा अडखळतो आणि बारीक सुई टोचल्यासारखं होतं, विशेषतः कानाजवळ केसांच्या रेषेत. तिथे दाबून रेटायचं नाही. थोडं पाणी शिंपडायचं आणि पुढे जायचं.

हनुवटीपासून कानाकडे, ओठांच्या कडेपासून गालफडाच्या हाडाकडे, भुवईपासून वर केसांकडे. प्रत्येक फेरी सावकाश, आणि शेवटी बीप होईपर्यंत गोळे तिथेच धरून ठेवायचे. खालच्या जबड्यावरून फिरवताना माझ्या दाढेतल्या जुन्या चांदीच्या फिलिंगमुळे तोंडात कळकलेल्या ताकासारखी चव येते. भुवईच्या वर कधीकधी मिटल्या डोळ्यांआड पांढरी चमक दिसते. पहिल्यांदा मी दचकले होते. करंटने डोळ्याच्या नसा चाळवल्या की असं होतं. तेव्हापासून कपाळावर करंट सगळ्यात कमी ठेवते. गळ्याच्या मध्यभागी, थायरॉइडवर, मशीन फिरवायचंच नाही. फक्त दोन्ही बाजूंना.

पहिल्या आठवड्यात मी खूश होते. सकाळी डोळ्यांखाली आणि जबड्यावर जी सूज असते (आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल तर जास्तच) ती पाच मिनिटांत उतरायची. गालफडं उठून दिसायची. पण ही करामत करंटची की चोळण्याची, हे मला कळायला हवं होतं. म्हणून काही आठवडे एक प्रयोग केला. उजव्या गालावर मशीन चालू, डाव्या गालावर तेच मशीन बंद. तेच जेल, तितक्याच फेऱ्या, तितकाच दाब. लेकीला काही न सांगता नाश्त्याच्या वेळी विचारायचे, कुठली बाजू बरी दिसते? बहुतेक वेळा ती म्हणायची, सारख्याच आहेत. सूज दोन्हीकडे उतरलेली असायची. उजवीकडे गालफडाजवळ त्वचा जरा ताणलेली मला स्वतःला वाटायची, दुपारच्या जेवणापर्यंत. तेवढाच करंटचा वाटा. बाकीचं काम हात करतो, आणि ते नुसत्या बोटांनी फुकटही होतं.

दीर्घकाळच्या फरकासाठी फोटो काढत राहिले. खिडकीतला सकाळचा उजेड, केस मागे बांधलेले, मशीन वापरण्याआधी, ओठ मिटलेले. हे शेवटचं महत्त्वाचं. जाहिरातींतले आधीचे-नंतरचे फोटो नीट बघा: नंतरच्या फोटोत हनुवटी जराशी वर असते आणि ओठांच्या कडेला हसू असतं. तेवढ्यानेच जबड्याची रेषा सुधारते. माझे पहिले आणि आत्ताचे फोटो शेजारी ठेवले तर जबडा तोच आहे. नाकापासून ओठांपर्यंतच्या रेषा त्याच आहेत. कपाळावरच्या आठ्याही. आणि मध्ये गावी गेले असताना मशीन न्यायचं राहिलं, तेव्हा काही बिघडलंही नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. सासूबाईंना पेसमेकर आहे. मला बघून त्यांनीही हौसेने हात पुढे केला, आणि मी मशीन सरळ कपाटात ठेवलं. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं कुठलंही विजेवर चालणारं उपकरण असेल, फिट्सचा त्रास असेल, गरोदरपण असेल, कॅन्सर असेल किंवा त्याचे उपचार चालू असतील, तर हे मशीन हातात घ्यायचं नाही. बोटॉक्स किंवा फिलर (सुरकुत्या घालवायची किंवा गाल भरायची इंजेक्शनं) नुकतेच घेतले असतील तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. ऑनलाइन विकताना हे सगळं पुस्तिकेच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं. ते वरच्या खोक्यावर ठळक छापायला हवं. घरात एकीने आणलं की आई, मावशी, वहिनी सगळ्या चेहऱ्यावरून फिरवून बघतात, आणि पुस्तिका कोणी वाचत नाही.

पैशांचा हिशोब मांडायचा तर सनस्क्रीन समोर ठेवावं लागतं. ऑस्ट्रेलियात नँबूर इथे सुमारे ९०० लोकांचा साडेचार वर्षं अभ्यास झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वाढतं वय, मनात येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसलं. स्कूटरवर उन्हातान्हात फिरणाऱ्या आपल्यासारखीला हे मशीनपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केलेलं रेटिनॉइड क्रीम, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध असलेलं क्रीम. बारीक सुरकुत्यांवर त्याचा परिणाम वर्षानुवर्षांच्या अभ्यासांत दिसलेला आहे, आणि ट्यूब काहीशे रुपयांत मिळते. हे दोन्ही सुरू नसेल तर मशीनचा विचार नंतर करा.

माझ्याकडे ते अजून आहे आणि मी ते वापरते. रोज नाही. लग्नाला जायचं असलं, ऑफिसात मोठी मीटिंग असली, किंवा सकाळी चेहरा फारच सुजलेला असला की. पाच मिनिटं शांत बसून स्वतःच्या चेहऱ्याकडे लक्ष द्यायला मला आवडतं, आणि त्या दिवशी चेहरा खरोखर ताजा दिसतो.

घ्यायचंच ठरवलं असेल तर दोन गोष्टी बघा. परदेशी मशीनची वॉरंटी भारतात चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. माझ्या ओळखीच्या एकीचं मशीन सहा महिन्यांत चार्ज होईनासं झालं, तेव्हा दुरुस्तीला पाठवायला देशात पत्ताच नव्हता. आणि परतीची मुदत किती आहे ते विचारा. मुदत मिळाली तर पहिल्याच दिवशी एका गालावर चालू, एका गालावर बंद करून बघा. तुमच्या चेहऱ्यावर करंटचा वाटा किती, ते परतीची मुदत संपायच्या आत कळेल.