सीडी-रॉम की ऑनलाइन?

आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या ग्रंथालयात सीडींचं एक कपाट आहे. नवी मंडळी म्हणतात, भंगारात काढा. मी सरसकट हो म्हणणार नाही.

सीडी-रॉम म्हणजे फक्त वाचता येणारी सीडी. तिच्या एका तबकडीत साधारण 650 ते 700 मेगाबाइट मजकूर मावतो. त्यामुळे कुणी चुकून काही पुसेल ही भीती नाही. लाइट गेली की रेंजही जाते, हे परभणी-हिंगोलीकडच्या माणसाला सांगायला नको. अशा वेळी सीडी लॅपटॉपच्या बॅटरीवरही चालते.

पण माहिती ताजी हवी असेल, तर सीडी हरते. 1980च्या दशकात मेडलाइन ही वैद्यकीय लेखांची सूची सीडीवर आली, तेव्हा दूरच्या ग्रंथालयांची मोठीच सोय झाली. तरी नव्या नोंदींसाठी नव्या तबकडीची वाट बघावी लागायची. पबमेड या वेबसाइटवर तीच सूची 1997 पासून फुकट आहे, आणि नव्या नोंदी येतच राहतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना एनपीटीईएलची (आयआयटी वगैरे संस्थांच्या प्राध्यापकांची) व्याख्यानं मोबाइलवर मिळतात. या दोन्ही शाखांत मी बिनदिक्कत ऑनलाइनच म्हणेन.

एमआरआयची सीडी मात्र अजून हातात मिळते. लातूरहून पुण्याला दाखवायला नेताना ती मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका. घरी येताच तिची कॉपी करून ठेवा. कारण नव्या लॅपटॉपला बहुधा सीडी ड्राइव्हच नसतो.

राहिलं आमचं कपाट. त्यातले विद्यार्थ्यांचे जुने प्रकल्प-अहवाल नेटवर कुठेच नाहीत. ते आधी हार्ड डिस्कवर उतरवू, मग कपाट हलवू.