प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया: फक्त किडनी बदलायची की यकृतही?

प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया टाइप १ हा दुर्मीळ आनुवंशिक आजार. किडनी जाते ती याच्यामुळे, पण मूळ यकृतात असतं. तिथलं एक एन्झाइम नीट काम करत नाही, ऑक्झलेट हा टाकाऊ पदार्थ बेसुमार तयार होतो आणि त्याचे स्फटिक किडनीत साचतात. बायोप्सीचा तुकडा पोलराइज्ड प्रकाशात पाहिला की ते अक्षरशः चमकतात. नुसती किडनी बदलली, तर नवीचीही तीच गत होऊ शकते.

यकृत आणि किडनी दोन्ही बदलणं हा जुना, अनुभवलेला मार्ग. यात मूळ दोषच जातो. पण ते एक एन्झाइम सोडलं तर रुग्णाचं यकृत बहुधा धडधाकट असतं, तरी ते अख्खं काढावं लागतं. शस्त्रक्रिया मोठी, धोका जास्त.

दुसरा मार्ग २०२० नंतरचा. लुमासिरान हे त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन यकृतातली ऑक्झलेटची निर्मिती घटवतं, त्यामुळे फक्त किडनीचा विचार करता येतो. मात्र औषध चालूच ठेवावं लागतं, ते फार महाग आहे आणि प्रत्यारोपणानंतरचा दीर्घ अनुभव अजून तोकडा आहे. औषध खात्रीने मिळत असेल आणि ऑक्झलेट खरोखर उतरत असेल, तर मी आधी याच मार्गाचा आग्रह धरेन. काही जनुकीय प्रकारांत बी-६ जीवनसत्त्वानेही फरक पडतो, म्हणून जनुक तपासणी आधी हवीच.

कुठलाही मार्ग घेतला तरी हाडांत साठलेलं ऑक्झलेट प्रत्यारोपणानंतर महिनोन्महिने रक्तात उतरत राहतं. तोवर भरपूर पाणी आणि नियमित तपासण्या सुटता कामा नयेत.