एचआयव्हीत पोटाच्या तक्रारी : कोणत्या पथ्यापासून सुरुवात करावी?

एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) नियमित चालू आहे, व्हायरल लोडही (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात आहे, तरी पोट काही ताळ्यावर येत नाही, अशी तक्रार एचआयव्ही असलेले बरेचजण करतात. हा विषाणू अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींवर, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, मोठा घाव घालतो. उपचारांनी रक्तातला त्यांचा आकडा सुधारला, तरी आतड्यातली भरपाई रेंगाळते. मग चहूबाजूंनी पथ्यं सुचवली जातात. विचार करावा अशी त्यांत तीनच.

पण आधी तपासणी. जुलाब चार आठवड्यांहून जास्त टिकले, ताप आला, शौचातून रक्त गेलं, वजन उतरू लागलं किंवा सीडी४ २०० च्या खाली असेल, तर पथ्याचा विचार नंतर. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी खाणं बदलून जात नाही. एआरटीच्या गोळ्यांवरही संशय घ्यावा. लोपिनाविर-रिटोनाविरने जुलाब होणं नेहमीचंच आहे. तसं असेल तर ताटातला एकेक पदार्थ कमी करत बसण्यापेक्षा डॉक्टरांशी गोळी बदलण्याबद्दल बोलावं. डोस मात्र स्वतःहून चुकवू नये.

पहिला पर्याय दूध आणि तेलकट कमी करण्याचा. आतड्याचं अस्तर दुखावलं की दुधातली साखर पचवणारं एन्झाइम घटतं, म्हणून दूध प्यायल्यावर गॅस आणि पातळ शौच. दूध दोन आठवडे बंद ठेवलं की फरक पडतो की नाही ते कळतं, आणि दही बहुतेकांना तरीही चालतं. तेल-तूप कमी करताना मात्र जपून. वजन आधीच कमी असेल तर तिथे कात्री लावू नये. शौच चिकट, तेलकट, तरंगणारं असेल तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी.

दुसरा, विद्राव्य तंतूंचा. माझं झुकतं माप यालाच. इसबगोल, ओट्स, केळं यांतले तंतू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पातळ शौच बांधून येतं आणि बद्धकोष्ठ असेल तर सैल होतं. यात खाण्यातलं काहीच सोडावं लागत नाही. एक चमचा इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेऊन सुरुवात करावी आणि प्रमाण हळूहळू वाढवावं. एकदम जास्त घेतलं तर गॅसने हैराण व्हाल. एआरटीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर असावं. गव्हाचा कोंडा ही वेगळी गोष्ट आहे, जुलाबात तो नको.

तिसरा, लो-फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं कमी करण्याचा. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात हा आहार आयबीएसच्या (वारंवार पोट दुखणं, फुगणं आणि शौचाच्या तक्रारी असलेला आतड्याचा विकार) रुग्णांसाठी आकाराला आला. त्यात दोन ते सहा आठवडे कांदा, लसूण, गहू, बहुतेक कडधान्यं आणि बरीच फळं बंद, मग एकेक पदार्थ परत आणून पाहायचा. पोट फुगणं हीच मुख्य तक्रार असेल तर हा तिन्हींत जास्त नेमका. पण कटकटीचा, आणि अंगावर मांस नसलेल्या माणसाला परवडणारा नाही. पहिल्या दोन्हींनी भागलं नाही, तरच आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल तर सीडी४ खूप कमी असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. त्यांतल्या जिवंत जंतूंपासूनच क्वचित रक्तात संसर्ग होतो.

पथ्य आणि गोळ्यांची गाठ कुठे पडते, याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. दूध सोडलं की कॅल्शियमची गोळी येते. कॅल्शियम पोटात डोल्युटेग्राविर या एआरटीतल्या औषधाला चिकटतं आणि औषध कमी शोषलं जातं. दोन्ही जेवणासोबत घेतल्या तर चालतात. उपाशीपोटी घ्यायच्या असतील तर डोल्युटेग्राविर कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडला जेवणाची सवलत नाही, तिथे हे अंतर पाळावंच लागतं. रिल्पिविरिन या एआरटीतल्याच औषधाच्या गोळ्यांचं याहून वेगळं. त्या पोटभर जेवणासोबतच नीट शोषल्या जातात, शिवाय त्यांना पोटातलं आम्ल लागतं. म्हणजे पोट बिघडलं म्हणून नुसत्या पेजेवर राहिलात, किंवा अॅसिडिटीसाठी आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल सुरू केलंत, तर औषधच कमी पडू लागतं. ओमेप्राझोल तर या गोळीसोबत चालतच नाही.