अलार्मवाला डिस्क लॉक: पुण्याच्या पार्किंगमध्ये कितपत कामाचा?

हँडल लॉकवर विसंबून गाडी लावणं म्हणजे दाराला नुसती कडी घालून गावाला जाण्यासारखं आहे. हँडलखालून बोटाएवढी एक पिन निघते आणि फ्रेमच्या खाचेत जाऊन बसते, एवढाच त्याचा पसारा. हँडल धरून जोरात हिसडा दिला किंवा पायाने दणका घातला की पिन तरी मोडते, नाहीतर तिचं ओतीव घर तरी. मग इग्निशनचा सॉकेट काढून वायरी जोडल्या की गाडी डायरेक्ट चालू. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना इमोबिलायझर (मूळ किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) नसतो, त्यामुळे चाक फिरू न देणारं काहीतरी वेगळं लावावंच लागतं.

नाना पेठेत अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात ‘लॉक दाखवा’ म्हटलं की काउंटरवर पहिला येतो तो अलार्मवाला डिस्क लॉक. मुठीत मावेल असा धातूचा ठोकळा, मध्ये पुढच्या चाकाच्या ब्रेकची डिस्क शिरेल एवढी फट, वरून दाबून डिस्कच्या भोकात घालायची पिन आणि आत सेन्सर. डब्यांवरची नावं दहा असली तरी घडण साधारण एकच. किंमत हजाराच्या आतबाहेर. हा लिहिण्याचा खटाटोप त्याच्याचसाठी.

घेण्याआधी गाडी दुकानासमोर आणा. पिन ६ मिमीची असते तशीच ७ आणि १० मिमीचीही असते, आणि प्रत्येक गाडीच्या डिस्कची भोकं वेगळी. घरून निघण्याआधी ६ आणि ७ मिमीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा डिस्कच्या भोकात घालून बघा. ७ चा सहज गेला तर ७ ची पिन घ्या. जाड पिन कापायला आणि वाकवायला जड जाते. फक्त ६ चा गेला तर ६ चीच. दुसरी अडचण अंतराची. भोक डिस्कच्या कडेपासून फार आत असेल तर लॉकची फट तिथवर पोचतच नाही, पिन खाली येऊन डिस्कच्या पत्र्यावर टेकते आणि ‘लॉक खराब आहे’ म्हणून माणूस परत दुकानात. नागमोडी कडेच्या पेटल डिस्कवर मोजमाप भोकागणिक बदलतं, तिथे दोन-तीन भोकं तपासा. एबीएसवाल्या गाडीत हबजवळ बारीक खाचांची एक पातळ रिंग असते. पिन तिच्यात घालू नका. रिंग जरा वाकली की मीटरवरचा एबीएसचा दिवा पेटलाच.

लॉक लावायची जागा ठरलेली आहे: कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला) शक्य तितकं चिकटून, चाक पुढे जाताना लॉक लगेच कॅलिपरवर अडेल अशा बेताने. लोक हाताशी येईल त्या भोकात घालतात. मग लॉक विसरून गाडी काढली की चाक अर्धा-पाऊण फेरा मोकळं फिरतं, गाडीला वेग येतो आणि लॉक कॅलिपरवर आदळतं. डिस्क वाकते, कधी कॅलिपरचा ब्रॅकेट तडकतो, आणि भर रस्त्यात गाडी आडवी होते ते वेगळंच. चिकटून लावलेलं असेल तर क्लच सोडताक्षणी गाडी अडते आणि चूक कळते. तरीही केशरी गुंडाळीची आठवण-वायर सोबत घ्याच. एक टोक लॉकला, दुसरं अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीला. क्लचच्या बाजूला नको, कारण निघताना उजवा हात मुठीवर जातोच. सिंहगडाचा घाट उतरून आल्या आल्या लॉक लावायला बसलात तर डिस्कला बोट लावू नका, चटका बसेल.

आता अलार्म. पिन दाबल्यावर काही सेकंदांनी सेन्सर जागा होतो. पहिल्या धक्क्याला दोन-तीन बीप, लगेच पुन्हा हालचाल झाली तर दहाएक सेकंद किंचाळणं. डब्यावर ११० डेसिबल लिहिलेलं असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री दोन वाजता हा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. दिवाळीच्या खरेदीत लक्ष्मी रस्त्यावर मात्र शेजारचा माणूसही मान वळवत नाही.

पुण्यात याची खरी परीक्षा चोर घेत नाही, शेजारची गाडी घेते. फर्ग्युसन रस्ता, तुळशीबागेचा परिसर, मंडई, कुठेही दोन गाड्यांमध्ये हँडलभर जागा दिसली की कोणीतरी तुमची गाडी ढकलून स्वतःची घुसवणार, आणि लॉक बोंबलणार. दिवसातून चार वेळा असं झालं की त्या आवाजाला कोणी भीक घालत नाही. तशात पे-अँड-पार्कमधला माणूस हँडल लॉकही करू देत नाही, कारण त्याला गाड्या सरकवायच्या असतात. डिस्क लॉक लावलेली गाडी तो उचलून सरकवतो आणि वर तोंडाने आरती करतो. तिथे पावती जपून ठेवा, लॉक डिकीत राहू द्या. डिकीत ठेवताना पिन वर असल्याची खात्री करा. खड्ड्यात पिन दाबली गेली तर सीटखालून सायरन. काही मॉडेलमध्ये पिन फिरवून अलार्मशिवाय लॉक करायची सोय असते. गर्दीसाठी तीच वापरावी, म्हणून हे मॉडेल मागून घ्या.

बॅटरी हा याचा दुबळा भाग. बहुतेकांत एलआर४४ चे ६ बटण-सेल एकावर एक बसवलेले असतात, दीड-दीड व्होल्टचे, मिळून ९ व्होल्ट. बारीक एलन कीने स्क्रू काढून ते बदलायचे. सहाही एकदम बदला. एखादा जुना राहिला तर तोच बाकीच्यांना खाली ओढतो. आवाज घोगरा झाला की वेळ आली समजा. सेल संपले तरी पिन आणि कुलूप आपलं काम करतात, फक्त तोंड बंद होतं.

पावसाळ्यात दुसरं दुखणं. पुढच्या चाकावरचा चिखल थेट किल्लीच्या भोकात आणि सेलच्या झाकणात. झाकणाखालची रबरी रिंग स्क्रू काढताना हमखास हरवते किंवा पिळवटून बसते. मग पाणी आत शिरतं, संपर्काच्या पट्टीवर हिरवा थर चढतो आणि लॉक एकतर मुका होतो किंवा स्वतःच्या मनाने ओरडत सुटतो. जूनच्या आधी झाकण उघडून पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासा, रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. किल्लीच्या भोकात इंजिन ऑइल अजिबात नको, त्यात धूळ चिकटून लगदा होतो. सुकी ग्राफाइट पूड बरी.

गोल नळीसारख्या किल्लीचा लॉक दिसला तर नको म्हणा. ते उघडायचं पेनाएवढं हत्यार मिळतं. चपटी, दोन्ही बाजूंना खाचा असलेली किल्ली त्यामानाने बरी.

डिस्क लॉक काय अडवत नाही तेही माहीत हवं. तो चाक अडवतो, गाडी नाही. दोघांनी पुढचं चाक उचलून टेम्पोत घातली तर तो टेम्पोत बसून ओरडत जाईल. म्हणून दहा-वीस मिनिटांच्या कामाला डिस्क लॉक ठीक, पण सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीला गाडी लावून गडावर चार तास जाणार असाल, किंवा स्टेशनवर गाडी ठेवून मुंबईला जाऊन येणार असाल, तर साखळी हवी. १० मिमी जाडीची, हार्डन केलेली. मीटरभर साखळी दोन किलोच्या वरच भरते, आणि ते वजन न्यायचा कंटाळा हेच तिचं खरं न्यून. ती लेगगार्डमधून किंवा कॅरियरमधून ओवू नका, दोन पान्यांनी ते सुटतात. मागच्या चाकातून आणि स्विंगआर्मभोवतून (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याभोवतून) घेऊन लोखंडी खांब किंवा भिंतीतल्या कडीला बांधा. साखळी जमिनीवर लोळत असेल तर बोल्ट कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार देता येतो, म्हणून ताणून, अधांतरी ठेवा. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे तीही टिकत नाही, पण तो आवाज लपत नाही. प्लास्टिकच्या नळीतली वायरची केबल हेल्मेट बांधायला छान आहे. बाकी तिची लायकी नाही.

पुढे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांना हा लॉक बसतच नाही, तरी दुकानदार दाखवतोच. अलॉय चाक असेल तर आखूड साखळी आऱ्यांमधून फोर्कच्या नळीभोवती घ्या.

परत आल्यावर गाडी जागेवर नसेल तर आधी तारीख आणि पी-१, पी-२ ची (सम-विषम तारखेच्या पार्किंगची) पाटी बघा, आसपासच्या टपरीवर टोइंगची गाडी येऊन गेली का विचारा. नसेल आली तर ११२ लावा आणि लगेच पोलीस चौकी गाठा. थर्ड पार्टी विम्यात चोरीचे पैसे मिळत नाहीत. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर कंपनी एफआयआर, पुढे तपास बंद झाल्याचा अ-समरी अहवाल आणि गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली सीटखाली टूलकिटच्या पिशवीत ठेवायची सवय असेल तर ती आजच काढून घरातल्या कपाटात टाका.